जुनी होडी, जुनं मशीन

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २८ डिसेंबर २०२५ रोजी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा मलाच झोप यायला लागली. शेवटी मी त्यांना फोन करून सांगितलं, की मी बोलेन, पण माझ्या होडीबद्दल बोलेन. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "होडी म्हणजे कविता वगैरे का?" नाही. खरी होडी. सोळा फुटी, फायबरची, आणि तिच्या मागे लावलेलं आठ हॉर्सपॉवरचं जुनं यामाहा मशीन. दोन्ही सेकंडहॅन्ड. खरं तर थर्ड किंवा फोर्थहॅन्ड असतील, पण विकणारा एवढं कुठे सांगतो!

आपण सगळे खाडीच्या काठावर वाढलो, पण आपल्यापैकी किती जण खाडीत उतरलो? मी तर नाहीच. शाळेत असताना खाडी म्हणजे रेतीच्या बोटी, मिठागरं आणि लोकल पुलावर आली की येणारा तो वास. आई म्हणायची, "खिडकी लाव." झालं. २०२१ मध्ये घरूनच काम चालू होतं. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी पाय मोकळे करायला जेटीवर जायचं. तिथे एक होडी उलटी पडलेली असायची. तिच्यावर खडूने लिहिलं होतं, 'विकणे आहे'. रोज बघून बघून मला वाटायला लागलं, की ही माझीच आहे आणि कोणीतरी विनाकारण तिच्यावर असं लिहून ठेवलंय. मी घेतली. होडी ५०,००० आणि मशीन ३५,०००. घरी सांगताना मी दोन्हींचे मिळून पन्नास सांगितले होते. आज पुढच्या रांगेत बसलेल्या एका माणसाला हे पहिल्यांदाच कळतंय.

आता, अशी जुनी होडी घेताना काय बघायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आज माहीत आहे, म्हणून सांगते. फायबरची होडी वरून कितीही चकाचक असली तरी बोटाच्या पेराने ती ठोकत जायचं. टणक आवाज आला तर बरं. मध्येच आवाज बोदा आला, नारळ नासका निघाल्यासारखा, तर तिथे थर सुटलेत आणि आत पाणी शिरलंय. सगळ्यात जास्त बघायची ती मागची फळी, जिच्यावर मशीन अडकवतात. ती बाहेरून फायबर, पण आत प्लायवूड असतं. मशीन लावायला पूर्वीच्या मालकांनी पाडलेल्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि प्लाय कुजतो. मशीनचा खालचा पाय हातात धरून जोर लावून वर-खाली करायचा आणि फळीकडे बघायचं. फळी हलली तर होडी घेऊ नका. माझी हलत होती. मला वाटलं, तशीच असते.

मशीनचंही तसंच. नवा कोरा रंग दिसला की खूश व्हायचं नाही, संशय घ्यायचा. बोल्टची डोकी बघायची. ती खाऱ्या पाण्याने खाल्लेली असतील तर रंगाच्या खाली काय असेल त्याचा अंदाज येतो. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू थोडा सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्यायचे. तेल तेलासारखं दिसलं पाहिजे. दुधाळ कॉफीसारखं आलं, तर सील गेलं आहे आणि आत समुद्र आहे. माझ्या मशीनमधून फर्स्टक्लास फिल्टर कॉफी निघाली.

अर्थात हे मला नंतर कळलं. घेतल्यावर पहिल्या दिवशी मी फक्त दोरी ओढत होते. आउटबोर्ड मशीनला किक नसते, बटण नसतं, निदान माझ्या नाही. वर एक दोरी असते, ती खेचायची. मी चाळीस वेळा खेचली. खांदा निखळायची वेळ आली. जेटीवरची पोरं मोजत होती. शेवटी एक मावशी, मासळीची टोपली उतरवून बसलेल्या, म्हणाल्या, "अगो, त्याला बोलाव. तो शेडमध्ये असतो."

तो शेडमध्ये होता. पत्र्याची शेड, बाहेर तीन-चार मशीनं स्टँडला टांगलेली, कोणाचं डोकं उघडलेलं, कोणाचा पंखा काढलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहावीला तुझा गणिताचा पेपर मी बघितला होता, तरी नापास झालो."

मी ओळखलं नव्हतं. त्याने ओळखलं. आपल्या वर्गातला. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडचा. कबड्डीत तो पकडायला असला की समोरचे चढाईला यायला घाबरायचे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर आता तो आला असेल. नाव घेऊ नकोस असं त्याने मला बजावलं आहे, म्हणून घेत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने माझा पेपर बघितलाच नव्हता, कारण मी हात आडवा धरला होता. हे दोघांनाही आठवतं.

त्या दिवशी त्याने दोरीला हातही लावला नाही. तो म्हणाला, "तीन गोष्टी. तेल, ठिणगी, दाब. चौथी नाही." पुढची चार वर्षं मी हेच शिकते आहे. इंधन पोचतं का, ठिणगी पडते का, सिलिंडरमध्ये दाब बनतो का. या तिन्ही असल्या तर मशीन सुरू होणारच. नाही झालं तर यातली एक नाही. आम्ही ऑफिसात एखादी चूक शोधायला तीन तीन दिवस बसतो, दहा जणांची मीटिंग घेतो, त्यात अर्धे जण चूक कुठे असावी यावर मत देतात. तो मत देत नाही. तो प्लग काढतो, मशीनच्या अंगाला टेकवून दोरी ओढतो आणि निळी ठिणगी दिसली की ठिणगीचा विषय संपवतो. परत त्याकडे जात नाही. मग प्लगच्या भोकात दाब मोजायचं मीटर लावतो. माझ्या मशीनला दोन सिलिंडर आहेत. दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, दहा टक्क्यांच्या आत. तेव्हा होते. म्हणजे राहिलं काय? तेल. कार्बोरेटर उघडला तर आत मधासारखा चिकट थर. पेट्रोल भरून कोणीतरी दोन वर्षं तसंच ठेवलं होतं. त्याने जेटच्या बारीक भोकातून तांब्याच्या वायरचा एक केस घातला, फुंकर मारली, बसवलं. तिसऱ्या दोरीला सुरू.

मी विचारलं, "किती द्यायचे?" तर म्हणाला, "आधी ते दूध बदलूया." म्हणजे गिअरचं तेल.

इथे थोडं इतिहासाबद्दल बोलते, नाहीतर आपल्या इतिहासाच्या बाई म्हणतील, हिला अजून काही येत नाही. आउटबोर्ड मशीनचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड नावाच्या माणसाने, १९०९ मध्ये. त्याची एक गोष्ट सांगतात. तळ्याच्या पलीकडून मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला आणि येईपर्यंत ते वितळून गेलं, म्हणून त्याला होडीला इंजिन लावायचं सुचलं. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण भाईंदरच्या मे महिन्यात होडीत बसून बघा, विश्वास बसेल. त्याच्या नावाची मशीनं २०२० पर्यंत बनत होती, मग कंपनीने बंद केली. यामाहाचं पहिलं मशीन १९६० चं. आपल्याकडच्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांना लागतात ती बहुतेक साधी टू-स्ट्रोक मशीनं. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना अशीच मशीनं हवी असतात, कारण ती एका पान्यावर, एका स्क्रूड्रायव्हरवर उघडतात. मी सॉफ्टवेअरची बाई असून सांगते, समुद्रात अपडेट मागणारं मशीन मला नको.

टू-स्ट्रोकचं एक पथ्य असतं. त्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, कारण वंगणाची वेगळी सोय नसते. माझ्या मशीनला १० लिटरला २०० मिली. हे तेल पाण्यातल्या मशीनचंच हवं. स्कूटरचं स्वस्त तेल चालतं असं चार जण सांगतील, त्यांचं ऐकू नका. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं गणित वेगळं असतं. तेल कमी पडलं तर पिस्टन घासतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि खाडीभर धूर. आमच्या घरात २०० मिलीचं माप म्हणजे औषधाच्या बाटलीचं होतं. आता ते फक्त मशीनचं आहे, त्यावर लाल नेलपॉलिशने फुली मारली आहे.

आणि आता एक नवीन भानगड आहे, जी जुनी मशीनं असलेल्या सगळ्यांना छळते आहे. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. गाडीत ते आठवड्यात संपतं, म्हणून तिथे कळत नाही. होडीचं तसं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय? टाकी अर्धी ठेवून दोन महिने गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि पेट्रोल वर राहतं. मशीन तळातून ओढतं. शिवाय जुन्या मशीनचे रबरी पाइप, हाताने दाबायचा तो फुगा, कार्बोरेटरच्या आतल्या पातळ पडद्या हे सगळं जुन्या पेट्रोलच्या काळातलं आहे. इथेनॉलने ते फुगतं, मऊ पडतं, मग त्याचे कण सुटून जेटमध्ये जाऊन बसतात. २०२४ च्या पावसाळ्यात मी आळस केला. ऑगस्टमध्ये टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पाहिलं तर स्पष्ट दोन थर. विज्ञानाच्या सरांनी आपल्याला रॉकेल आणि पाणी बाटलीत घालून दाखवलं होतं, तसंच. सर, तेव्हा मी त्याची आकृती काढून पाचपैकी पाच मार्क मिळवले होते. उपयोग शून्य.

त्यानंतर नियम केला आहे. पाइप नवे, इथेनॉल सोसणारे. मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर. परत आल्यावर पेट्रोलचा पाइप काढून मशीन तसंच चालू ठेवायचं, कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत. उरलेलं मिश्रण तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

आणि गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातून आलेलं मशीन ड्रममध्ये उभं करून दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवावं लागतं, नाहीतर आतल्या वाटा मिठाने बुजतात. मीरा-भाईंदरमध्ये मशीनला ड्रमभर गोडं पाणी द्यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीत यावरून रीतसर सभा झाली. ठराव झाला. मी आता बोअरचं पाणी वापरते आणि सेक्रेटरींना वर्षातून दोनदा कोळंबी पोचवते.

माझ्या चुकांपैकी सगळ्यात सुंदर चूक सांगते. मशीनच्या खालच्या भागाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात धातू झिजतो, तर आधी हा तुकडा झिजावा आणि मशीन वाचावं, एवढंच त्याचं काम. तो उघडा असला तरच काम करतो. पहिल्या दिवाळीला मी मशीन घासूनपुसून छान निळं रंगवलं आणि त्या तुकड्यालाही दोन हात मारले. तो बघून आपला हा मित्र दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग सॅंडपेपर माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला गेला.

आता २०२३ च्या कोजागरीची गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्यासाठीच खरं तर उभी राहिले आहे.

कोजागरी शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी रविवारी मी, माझी मुलगी, तेव्हा ती बारा वर्षांची, आणि माझे वडील असे तिघं होडीत बसलो. वडिलांना पाण्यातून पूल बघायचा होता. त्यांनी बत्तीस वर्षं त्या पुलावरून लोकलने चर्चगेट केलं, पण पुलाखालून कधी गेले नव्हते. भरतीचा हिशेब तुमच्यापैकी किती जणांना येतो? आपल्या जुन्या लोकांकडे सोपं सूत्र आहे, तिथीची पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येपासून तिथी मोजा, तिला पाऊणने गुणा, भरतीची वेळ साधारण मिळते. प्रतिपदा, म्हणजे पाऊण. पाऊण वाजता भरती. आम्ही निघालो साडेतीनला. उधाणाचे दिवस. म्हणजे पाणी समुद्राकडे जोरात ओढत होतं. हे सूत्र मला पाठ होतं. उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं, तेही सहा तासांत, हेही माहीत होतं. पण माहीत असणं आणि साडेतीनला जेटीवर उभं राहून "आज नको" म्हणणं यात फरक आहे. वडिलांनी स्वेटर घातला होता, टोपी घातली होती, मुलीने डबा भरला होता.

पुलाखालून गेलो. वर लोकल गेली, वडिलांनी हात केला. वरून कोणीतरी निर्माल्याची पिशवी भिरकावली, ती आमच्यापासून दहा हातांवर पडली. पाणजूच्या माणसांना विचारा, वरून पडणाऱ्या नारळांचा मार त्यांनी खाल्लेला आहे. नमस्कार करून फेकतात हो! खाली माणसं आहेत हे वरून दिसतच नाही. मीही कॉलेजला जाताना पुलावर आजीने दिलेल्या पिशव्या टाकल्या आहेत.

परत फिरताना तसल्याच कुठल्यातरी पिशवीने घात केला. मशीन खालून पाणी ओढतं, आत फिरवतं आणि मागे एका बारीक भोकातून पिचकारीसारखं बाहेर टाकतं. त्याला 'मशीन पाणी मारतंय' म्हणतात. ती पिचकारी चालू आहे का हे दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायचं, एवढी एकच गोष्ट होडी चालवणाऱ्याने करायची असते. मी वडिलांचा फोटो काढत होते. पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसली होती, पिचकारी बंद, मशीन तापलं, आवाज चिरका झाला. मी मागे बघेपर्यंत ते गच्च होऊन थांबलं. दोरी हलेना.

शांतता किती मोठी असते हे तेव्हा कळलं. आणि त्या शांततेत काठ सरकताना दिसत होता. आम्ही पश्चिमेला, समुद्राकडे चाललो होतो. 

वल्ही नव्हती. सांगायला लाज वाटते. ती पायात येतात म्हणून मी शेडमध्ये ठेवली होती. नांगर होता, पण त्याची दोरी दहा मीटर. तिथे पाणीच सात-आठ मीटर खोल. नांगराला तळाशी आडवं पडायला दोरी लागते, खोलीच्या पाचपट तरी. उभ्या दोरीने नांगर फक्त तळ खाजवत येतो. तो तसाच येत होता, मला हाताला कळत होतं. मग मुलीने होडी झाकायच्या ताडपत्रीची दोरी सोडली, मी ओढून न्यायची दोरी सोडली, सगळ्या एकमेकींना गाठी मारून जोडल्या. वडील गाठी मारत होते. त्यांचे हात थरथरत नव्हते, माझे थरथरत होते. नांगराने दोनदा हिसका दिला आणि तिसऱ्यांदा धरलं. होडी नाळ पुढे करून उभी राहिली आणि पाणी दोन्ही बाजूंनी धावत राहिलं. तिघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होती. ती एक गोष्ट मी बरोबर केली होती. वडिलांनी स्वेटरवरून ते घालायला कुरकुर केली होती.

मी फोन केला. अर्ध्या तासात तो दुसऱ्या कोणाची तरी होडी घेऊन आला. मी तयारीत होते, की हा आता बोलणार. दोरी फेकली, आमची होडी बांधली, वडिलांना नमस्कार केला, मुलीला म्हणाला, "गाठ चांगली मारलीस." मग माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला, "वल्ही कुठेत?"

परत येईपर्यंत दुसरं काही बोलला नाही. जेटीवर उतरल्यावर वडिलांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. वडील गेल्या वर्षी गेले. त्या दिवसाबद्दल ते घरी कधीच तक्रारीने बोलले नाहीत. पुलाखालून गेलो, एवढंच सांगायचे.

मशीन उघडलं तेव्हा एका सिलिंडरला काही झालं नव्हतं. दुसऱ्याच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला लागलं होतं. दाब एकाचा १०५, दुसऱ्याचा ६०. पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री कोरडी फिरून तुटली होती. ती काही शे रुपयांची वस्तू, दरवर्षी बदलायची असते. मी दोन वर्षं बदलली नव्हती. नवी घालून भागत नाही. तुटलेल्या पात्यांचे तुकडे आतल्या वाटांमध्ये अडकलेले असतात, ते सगळे शोधावे लागतात, नाहीतर नवी चक्रीही पाणी पोचवू शकत नाही. आम्ही दोघं रात्री दहापर्यंत वर्तमानपत्रावर तुकडे जुळवत बसलो होतो. सहा पाती हवी होती. पाच पुरी, सहावीचा एक कोपरा सापडेना. मी म्हटलं, "एवढासा तुकडा, जाऊ दे." तो म्हणाला, "तू घरी जा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तुकड्याचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

सिलिंडर घासून, वरच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घालून मशीन पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. किती तास चाललं, काय बदललं, पिचकारी कशी होती. वल्ही होडीलाच बांधलेली असतात. नांगराची दोरी पन्नास मीटर.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला तुम्हा सगळ्यांसमोर सांगायची आहे, कारण चूक माझी आहे.

या मेळाव्यासाठी नावांची यादी मी केली. तुम्हाला माहीत आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच उत्साहाने घेतलं होतं. शाळेने दहावीच्या निकालाच्या यादीचा फोटो दिला. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, नावं काढली, नंबर शोधले, सगळ्यांना आमंत्रणं गेली. ५२ नावं. मी संध्याकाळी शेडमध्ये बसून हे कौतुकाने त्याला दाखवत होते. तो फोन हातात घेऊन खाली खाली सरकवत गेला, शेवटपर्यंत. मग परत दिला आणि म्हणाला, "बरोबर आहे. मी पास कुठे झालो?"

रागाने नाही म्हणाला. तेच जास्त लागलं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत आले. नववीचा हजेरीपट मागितला. बाईंनी कपाटातून काढून दिला, धूळ झटकून. ६१ नावं. म्हणजे नऊ जण माझ्या यादीत नव्हते. चार जण नापास झाले होते. तिघांनी दहावीच्या मध्येच शाळा सोडली होती, त्यातल्या दोघी मुली. एकाच्या वडिलांची बदली झाली होती. आणि एक मुलगी, जी आपल्याबरोबर नऊ वर्षं होती, जिने गॅदरिंगला सलग तीन वर्षं बक्षीस घेतलं, ती परीक्षेच्या वेळी आजारी होती. ती २००१ मध्येच गेली. आपल्यापैकी फारच थोड्यांना हे माहीत होतं.

मी चुकीची यादी आत टाकली, म्हणून चुकीची यादी बाहेर आली. प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती. उरलेल्या आठपैकी सात जण सापडले. चार जण आज इथे आहेत. स्मरणिकेच्या मागच्या पानांवर नावं छापताना संपादक मंडळाने ६१ च्या ६१ छापायचं कबूल केलं आहे, हजेरीपटाच्या क्रमाने, पास-नापास काही न लिहिता. मंडळात यावर वाद झाला. झाला नाही असं मी म्हणणार नाही. 'दहावी १९९६' असं मुखपृष्ठावर आहे, मग नापास झालेले १९९७ चे की १९९६ चे, असाही प्रश्न आला. बाईंनी तो एका वाक्यात मिटवला: "माझ्या वर्गात बसले ते माझे."

तो आला आहे. दाराजवळच्या खुर्चीवर आहे. आधी येत नव्हता. मी सांगितलं, पाहुणी कलाकार म्हणून माझं मशीन येणार आहे आणि ते माझ्याच्याने सुरू होणार नाही, तेव्हा आला. पण तो पाचला निघणार आहे. आज अष्टमी, पाऊणपटीने सहाच्या आसपास भरती, आणि भांगाचं पाणी कमी चढतं, त्यामुळे त्याची होडी तरंगली की लगेच काढावी लागते. तेव्हा ज्यांना त्याच्याशी बोलायचं आहे त्यांनी जेवणाची रांग थोडा वेळ सोडावी. श्रीखंड संपणार नाही, मी ऑर्डर बघितली आहे.

तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला होडी घ्यायची आहे म्हणून मेसेज केले आहेत. घ्या. पण आधी कागद बघा. मासेमारीच्या होडीची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, हौसेच्या होडीसाठी सागरी मंडळाकडे जावं लागतं, आणि 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात जुन्या होड्या स्वस्त मिळतात, कारण त्या पाण्यात उतरवून बघता येत नाहीत. स्वस्त का आहेत ते यातच आलं. मागची फळी हलवून बघा. माझी फळी शेवटी नवी करावी लागली, त्याचे किती झाले ते पुढच्या रांगेकडे बघून मी सांगू शकत नाही.

मशीन बाहेर पटांगणात, नळाजवळ ड्रममध्ये उभं केलं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे आणि ड्रमभर पाण्याचीही. चहा झाला की या. पहिल्या दोरीला सुरू होईल असं मी म्हणत नाही, थंडीत त्याला तीन लागतात. कोणीतरी मागे उभं राहून पिचकारीवर लक्ष ठेवा.